काव निवृत्त झाले, प्रश्न मात्र कायम

रामेश्वरनाथ काव १९४० मध्ये ब्रिटिश अमदानीत पोलीस सेवेत दाखल झाले. १९४७ मध्ये ते केंद्रीय गुप्तवार्ता विभागात आले आणि २१ सप्टेंबर १९६८ रोजी परदेशी हेरगिरीसाठी ‘रॉ’ ही स्वतंत्र संघटना निघाली, तेव्हा तिचे पहिले प्रमुख झाले. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामातील या संघटनेची कामगिरी सर्वमान्य आहे. काव मितभाषी होते, प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहत. त्यांच्या कर्तबगारीविषयी वाद घालण्याचे कारण नाही.

वाद आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. मधु लिमये, मधु दंडवते, मृणाल गोरे यांच्यासह हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले. मार्च १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला, तेव्हा या काळात ‘रॉ’चा वापर देशांतर्गत विरोधकांवर झाला असावा, असा दाट संशय नव्या राज्यकर्त्यांना होता. त्याच वर्षी काव पायउतार झाले. संघटनेचा खर्च आणि मनुष्यबळ यांना कात्री लागली. पुढे इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या आणि १९८१ मध्ये काव सल्लागार म्हणून परत आले.

या जाण्यायेण्याचा अर्थ काय? संशय खरा असेल, तर तो संसदेपुढे सिद्ध व्हायला हवा होता. खोटा असेल, तर एका निष्ठावंत अधिकाऱ्याला तो कलंक धुऊन काढण्याची संधी मिळायला हवी होती. यांपैकी काहीच घडले नाही. पंतप्रधान बदलले की विश्वास बदलला, एवढेच घडले. ज्या संस्थेचा जन्म कायद्यातून न होता सरकारी आदेशातून होतो, तिचे भवितव्य सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवरच लोंबकळत राहणार.

अमेरिकेत १९७५ मध्ये सिनेटच्या चर्च समितीने हेरखात्यांचे गैरप्रकार चव्हाट्यावर आणले. ब्रिटनने १९९४ मध्ये कायदा करून संसद सदस्यांची देखरेख समिती नेमली. म्हणून त्या देशांची हेरखाती बंद पडली नाहीत. आपल्याकडे १९८५ मध्ये संसदेने कायदा केला खरा. परंतु त्याने गुप्तवार्ता संघटनांतील कर्मचाऱ्यांच्या कामगार संघटना स्थापण्याच्या हक्कावर निर्बंध घातले. राबणाऱ्यांवर बंधन आणि राबवणारे मोकळे, असा हा न्याय! माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातूनही या संघटना बहुतांशी वगळल्या गेल्या. २०२१ मध्ये तर निवृत्तिवेतनाच्या नियमांत दुरुस्ती करून, निवृत्त अधिकाऱ्यांनी संघटनेच्या कार्यक्षेत्राविषयी लिहिण्यापूर्वी संघटनाप्रमुखाची परवानगी घेणे सक्तीचे झाले.

काव जानेवारी २००२ मध्ये निवर्तले. आपल्या आठवणी त्यांनी नेहरू स्मारक संग्रहालयाच्या स्वाधीन केल्या, त्यांतील काही भाग दीर्घकाळ बंद ठेवण्याच्या अटीवर. इतिहासाला काय सांगायचे हे एका व्यक्तीच्या सदसद्विवेकावर सोडले गेले. लोकप्रतिनिधींना विचारण्याचा अधिकारच नव्हता.

राष्ट्राला गुपिते असतात, हे समाजवाद्यांनाही मान्य आहे. पण गुपित शत्रूपासून राखायचे की मालक असलेल्या जनतेपासून, याचा निवाडा कायद्याने व्हावा. चांगला अधिकारी लाभणे हे दैव. चांगला कायदा करणे हे कर्तव्य. ते कर्तव्य संसदेने अद्याप बजावलेले नाही, आणि त्यासाठी लोकमत तयार करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.