गाडी जतला विकता, मग सर्व्हिसिंग सांगलीला का?

बंद पडलेली मोटारसायकल पिकअपमध्ये घालून नेली तर कुणी वळून बघत नाही. इंजिन बसलं असेल म्हणतो आणि आपल्या वाटेनं जातो. पण हल्ली जतहून सांगलीकडे जाणाऱ्या पिकअपमध्ये दोरीनं आवळून बांधलेल्या ज्या मोटारसायकली आणि इलेक्ट्रिक स्कूटर दिसतात, त्यातल्या बऱ्याच ठणठणीत असतात. किल्ली फिरवली की चालू. त्या निघाल्यात साध्या सर्व्हिसिंगला. ऑईल बदलायचं, चेन ताणायची, ब्रेक बघायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून आणायचा. गाडीवर बसून जायच्या ऐवजी गाडीलाच गाडीत बसवून न्यायची वेळ आलीय आपल्यावर.

सगळ्या कंपन्यांचं असं नाही, हे आधीच सांगतो. जुन्या, जास्त खपाच्या गाड्यांची सोय तालुक्याच्या गावात आहे. प्रश्न आहे तो गेल्या पाच-सहा वर्षांत आलेल्या नव्या कंपन्यांचा, इलेक्ट्रिक स्कूटरचा आणि महागड्या बाईकचा. यांचं विक्रीचं दुकान तालुक्यात असतं. काचेचं, एसीचं, फुगे लावलेलं. तिथं फायनान्सवाला बसलेला असतो, इन्शुरन्सवाला बसलेला असतो. फक्त पान्हा घेतलेला माणूस नसतो. तो सांगलीला असतो.

आता जरा हिशेब करू. जत ते सांगली नव्वद किलोमीटरच्या आसपास. नागज फाटा, कवठेमहांकाळ, मिरज करत जायचं. जाऊन-येऊन १८०. बहुतेक मोटारसायकलींची पहिली सर्व्हिसिंग ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान असते. म्हणजे ५०० ला बोलावलं असेल तर त्यातले १८० किलोमीटर निव्वळ सर्व्हिसिंगला जाण्या-येण्यात गेले! गाडी घेतली कशाला, तर सर्व्हिसिंगला न्यायला. आणि हे झालं जत गावातल्या माणसाचं. आपला तालुका जिल्ह्यात सगळ्यात मोठा. उमदीच्या माणसाला सांगली सव्वाशे किलोमीटरच्या घरात पडते. त्याला विजापूर त्यापेक्षा जवळ. काही जण गाडी तिकडेच नेतात, राज्य ओलांडून.

इलेक्ट्रिक स्कूटरचं तर दुखणंच वेगळं. कागदावर शंभर-सव्वाशे किलोमीटर लिहिलेलं असतं. दोन माणसं, समोरून वारा आणि मधले चढ धरले की तो आकडा खाली येतो. जाताना कशीबशी पोचेल, पण परतायचं कसं? मग दोघं-तिघं मिळून पिकअप ठरवतात. कुणी डाळिंबाच्या क्रेटबरोबर पाठवतं, कुणी बेदाण्याच्या बॉक्सशेजारी उभी करतं. पूर्व भागातून कुणाचा ट्रॅक्टर बाजाराला निघाला असला तर ट्रेलरमध्ये घालून जतपर्यंत आणतात आणि इथून पुढे पिकअपला लावतात. समजा पिकअपचं भाडं साडेचार हजार पडलं आणि तिघांत वाटलं, तरी माणशी दीड हजार. वर एका दिवसाची रजा नाहीतर बुडालेली मजुरी. आणि पावतीवर काय लिहिलेलं असतं? ‘फ्री सर्व्हिस’!

फ्री म्हणजे मजुरी फ्री. ऑईलचे पैसे बहुतेक ठिकाणी आपलेच. भाडंही आपलं. वाटेत दोरी सैल होऊन टाकी चेपली तर तेही आपलंच. इथं एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो. पॅकेज विमा, म्हणजे ज्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान धरलेलं असतं, तो गाडी दुसऱ्या वाहनातून नेतानाही लागू असतो. पण २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला आणि स्वतःच्या नुकसानीचा विमा बऱ्याच जणांचा एकाच वर्षाचा असतो. पुढं तो नूतनीकरण करायचा राहून जातो. खिशात विम्याचा कागद असतो, पण टाकी चेपली तर त्याचा उपयोग शून्य. म्हणून गाडी चढवायच्या आधी तो कागद वाचा. बांधताना पुढचा शॉकअप थोडा दाबून दोन्ही बाजूंनी पट्टा ओढा, नुसत्या हँडलच्या मुठीला दोरी बांधू नका.

आता मुद्द्यावर येतो. पेट्रोलच्या गाडीला या वाऱ्या करायची खरंच गरज असते का? रेग्युलर सर्व्हिसिंगमधलं बहुतेक काम आपल्या बाजारपेठेतला कुठलाही बरा मेकॅनिक तासाभरात करतो. ऑईल, फिल्टर, चेन, ब्रेक, केबल. मग गाडी सांगलीला का जाते? कारण त्याच्याकडे शिक्का नाही. ठरलेल्या मुदतीत अधिकृत केंद्रात सर्व्हिसिंग केलं नाही तर वॉरंटी मिळणार नाही, असं पुस्तकात बारीक अक्षरात छापलेलं असतं. लोक ऑईलसाठी सांगलीला जात नाहीत, शिक्क्यासाठी जातात. त्या शिक्क्याची भीती मोठी आहे. माझ्या ओळखीच्या एका आरोग्यसेविकेची एक सर्व्हिसिंग मुदतीच्या पुढे गेली. लसीकरणाचं काम चालू होतं, रजा मिळेना. पुढं गाडीत बिघाड निघाला तेव्हा शोरूमनं तेवढ्यावर बोट ठेवून हात वर केले. बाई रोज चार वाड्या फिरते. तिच्यासाठी ती गाडी हौस नाही, नोकरीचं हत्यार आहे.

मेकॅनिकचीही बाजू बघितली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, सेन्सर आले. पूर्वी कानानं आवाज ऐकून बिघाड सांगणारे मिस्त्री आपल्याकडे होते. आता काही बिघाड स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाहीत. इलेक्ट्रिक गाडीत तर सॉफ्टवेअरच कंपनीच्या हातात. स्कॅनर द्यायचा कंपनीनं, माहिती द्यायची कंपनीनं, आणि नेमकं तेच ती देत नाही. वर म्हणणार, बाहेरचे मेकॅनिक अडाणी. अरे, तुम्ही शिकवलंत कुठं?

हे दुखणं एकट्या जतचं नाही आणि नवंही नाही. चारचाकीच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता. कारण हेच. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. ती द्या, आणि बाहेर काम केलं एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी काढून घेऊ नका, असं आयोगानं बजावलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं आणि तो आदेश दुचाकीचा नव्हता, हे खरं. पण तत्त्व काय वेगळं आहे? २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं ‘राइट टू रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टलही काढलं. त्यात वाहनांचं क्षेत्र आहे. पोर्टलवर हक्क आहे, गावात पिकअप आहे.

कंपनीवाले म्हणतात, तुमच्या तालुक्यात महिन्याला गाड्या जातात किती? तेवढ्यावर वर्कशॉप परवडत नाही. हे म्हणणं अगदीच खोटं नाही. पण मग ट्रॅक्टरवाल्यांना कसं परवडतं? ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग बांधावर होते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. फोन केला की मेकॅनिक ऑईलचा कॅन आणि फिल्टर घेऊन वस्तीवर येतो, लिंबाखाली काम उरकतो, सही घेतो आणि चहा पिऊन जातो. ट्रॅक्टरला जमतं ते स्कूटरला का जमत नाही? कारण शेतकरी ट्रॅक्टर घेताना पहिला प्रश्न विचारतो, ‘सर्व्हिसला कोण येणार?’ आणि आपण दुचाकी घेताना विचारतो, ‘डाऊन पेमेंट किती?’

यात सरकारचाही हात आहे. इलेक्ट्रिक दुचाकींना फेम-२ मधून २०१९ पासून २०२४ पर्यंत अनुदान गेलं, ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह आली. पैसा आपलाच. मग अनुदान घेणाऱ्या कंपनीला सांगा की ज्या तालुक्यात गाडी विकाल त्या तालुक्यात सर्व्हिसची सोय हवी. जिल्ह्याच्या ठिकाणी एक केंद्र काढलं की जबाबदारी संपली, हे चालणार नाही. सांगली जिल्ह्याचा नकाशा समोर घेऊन बसलं की जत, आटपाडी कुठं आहेत ते कळतं.

माझ्या मते मागण्या चारच आहेत, आणि चारही होण्यासारख्या आहेत.

एक. वर्कशॉप नको, महिन्यातून दोन दिवस सर्व्हिस व्हॅन पाठवा. एक दिवस जतला, एक दिवस पूर्व भागात, संख किंवा उमदीला. बाजारच्या दिवशी ठेवा, लोक आपोआप येतील.

दोन. तालुक्यातले दोन-तीन चांगले मेकॅनिक निवडा, शिकवा, स्कॅनर द्या आणि शिक्क्याचा अधिकार द्या. आयटीआय करून बाहेर पडलेली पोरं पुण्याला जातायत, त्यांना इथंच काम मिळेल.

तीन. हे होईपर्यंत गाडी न्यायचं-आणायचं भाडं विकणाऱ्यानं द्यावं. नाहीतर ‘फ्री’ हा शब्द पुसावा.

चार. सर्व्हिस केंद्र किती लांब आहे ते गाडीच्या कोटेशनवर मोठ्या अक्षरात छापावं. घेणाऱ्याला आधी कळू दे.

आणि आपण काय करायचं? नवी गाडी घेताना सर्व्हिस कुठं होणार, न्यायचा खर्च कुणाचा, हे डीलरकडून लिहून घ्या. तोंडी ‘बघू, करू’ चालणार नाही. ज्यांची अडवणूक झालीय त्यांनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. ऑनलाइनही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही. बहुतेक दुचाकी त्यातच बसतात. पावत्या, पिकअपच्या भाड्याची चिठ्ठी, शोरूमशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं, सगळं जपून ठेवा.

पाण्यासाठी, एसटीसाठी, दवाखान्यासाठी सांगलीकडे तोंड करून बसायची सवय आपल्याला लागलेलीच आहे. निदान स्वतःच्या पैशानं घेतलेल्या गाडीचं ऑईल बदलायला तरी ती लागू देऊ नका.

ज्यांनी गाडी पिकअपनं किंवा ट्रेलरमधून नेलीय त्यांनी खाली एवढंच लिहा: गाव, गाडी कधी घेतली, सर्व्हिसिंगला कुठं नेली, भाडं किती गेलं. शिवीगाळ नको, कुणाचं नाव-नंबर नको. पन्नास जणांनी जरी लिहिलं तरी ती यादी घेऊन मी तहसीलदार, आमदार आणि या कंपन्यांच्या विभागीय कार्यालयाकडे जाईन आणि ते काय उत्तर देतात ते इथंच छापीन.