पहिली गरम भाकरी

गेल्या जानेवारीत आमचं सगळं घर गंगाखेडला गेलं होतं. सगळं घर म्हणजे आत्याबाई (माझ्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर), आमचे हे, मी, मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांचा मुलगा. हा पुतण्या सहा वर्षं झाली हॉलंडमध्ये आइंडहोव्हनला नोकरीला आहे. पंधरा दिवसांसाठी आला होता, आणि त्याच्या आजीला एकदा जनाबाईच्या गावी जाऊन यायचं होतं. संभाजीनगरहून गाडी केली. जालना, मंठा, जिंतूर, परभणी करत गंगाखेडला पोचलो, गोदाकाठी दर्शन झालं आणि परत निघायला दिवस मावळला. मुक्काम परभणीला नात्यातल्या घरी होता. पण "त्या घरच्या बाईला रात्री सहा माणसांचा स्वयंपाक सांगायचा नाही," असं जाऊबाईंनी निघतानाच बजावलं होतं. तेव्हा वाटेत जेवायचं ठरलं.

गाडीत पुरुषमंडळींचं लगेच एकमत झालं. पनीर नको, तंदुरी नको. चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा हवा. पुतण्या तर सहा वर्षांची भूक घेऊन आला होता. पोखर्णी सोडल्यावर रस्त्याकडेला पत्र्याची एक खानावळ दिसली. पाटीवर मोठ्या अक्षरात 'घरगुती जेवण', खाली 'चुलीवरची गरम भाकरी', आणि त्याखाली मालकाच्या दोन मुलांची नावं. थांबलो.

जेवण चांगलं होतं, हे आधी सांगते. पिठलं हाटून दाट केलेलं, ठेच्याला खलबत्त्याची चव, वर कच्चं तेल, कांदा, शेंगदाण्याची चटणी. पुतण्यानं भाकरी कुस्करली, मध्ये खड्डा केला, त्यात पिठलं ओतलं आणि म्हणाला, "काकू, तिकडे पण अगदी असंच करतात." तिथल्या थंडीत घरोघर 'स्टाम्पपॉट' नावाचा प्रकार होतो. बटाटे आणि पालेभाजी, नाहीतर गाजर-कांदा, एकाच भांड्यात उकडून ठेचायचे, ताटात ढीग करून मध्ये खड्डा पाडायचा आणि त्यात मटणाचा रस ओतायचा. बाजूला सॉसेज. गरिबांचं जेवण, पण आता सगळेच प्रेमानं खातात. लायडन शहरात दर ३ ऑक्टोबरला गाजर-बटाट्याचा असाच एक पदार्थ खातात. १५७४ साली स्पेनच्या फौजेचा वेढा उठला आणि उपाशी शहराला अन्न मिळालं, त्याची ती आठवण. त्यानं मोबाईलवर एक चित्रही दाखवलं. त्याच्या शहराजवळच्या न्यूनेन गावात व्हॅन गॉगनं १८८५ साली काढलेलं, बटाटे खाणारं शेतकरी कुटुंब. कंदिलाखाली सगळी भोवती बसली आहेत, काळवंडलेले हात, आणि एक म्हातारी कॉफी ओततेय. मी म्हटलं, "बघ, इथंही बसल्या जागी ओतणारी बाईच आहे."

"पण तिकडे स्टाम्पपॉट मी स्वतः करतो," तो म्हणाला. आणि ते खरं आहे. बटाटे सोलतो, ठेचतो, भांडी घासतो. तिकडे करायला दुसरं कुणी नाही. इथं मात्र आल्यापासून पंधरा दिवसांत तो पाण्याच्या तांब्यासाठीसुद्धा उठला नव्हता. म्हणजे हात तेच, माणूस तोच. विमानातून उतरल्याबरोबर हातांना काय होतं?

आता मुद्द्यावर येते. आत्याबाई शांतपणे जेवत होत्या. तव्यावरची भाकरी थेट त्यांच्या ताटात पडली, वाफ निघत होती, पोपडा टम्म फुगलेला. त्यांनी तो बोटानं फोडला, एक घास खाल्ला, मग दुसरा, आणि माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "गरम भाकर अशी लागती व्हय गं? म्या कवा खाल्लीच न्हाई की."

मला आधी वाटलं, गंमत करताहेत. चौदाव्या वर्षी लग्न झालं तेव्हापासून ज्या बाईनं रोज वीस-पंचवीस भाकरी थापल्या, तिनं गरम भाकरी खाल्ली नाही? मग हिशेब लागला. भाकरीचं असं आहे की चपातीसारखी कणीक मळून ठेवता येत नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. आधणाच्या पाण्यात उंडा दर भाकरीला नव्यानं मळावा लागतो, थापावा लागतो, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवावं लागतं, उलटून आरावर शेकावी लागते. करणारी चुलीपुढून उठली की भाकरी थांबली. म्हणून भाकरी गरम खायची असेल तर कुणीतरी चुलीपुढे बसलेलं असलंच पाहिजे. ती बसलेली बाई शेवटी खाते. तिच्या वाट्याला येते ती थंड, कधी तुकडा, कधी तोही नाही. आमच्या घरात पुरुष आधी, मग पोरं, मग आल्या-गेल्याचं, मग बाया. यात वाईट काही चाललंय असं कुणालाच वाटत नव्हतं. भांडणसुद्धा नव्हतं कधी.

आणि आता माझंच सांगते. मी पंचवीस वर्षं संघटनेत आहे. 'श्रमविभागणी' या विषयावर मी गावोगावच्या शिबिरांत तास घेतले. फळ्यावर दोन रकाने काढायचे, बाईचं सकाळपासूनचं काम एकीकडे, पुरुषाचं दुसरीकडे. बाया हसायच्या, मग गप्प व्हायच्या. रात्री नऊच्या एस.टी.नं मी घरी यायची तेव्हा ताट वाढून झाकून ठेवलेलं असायचं. कुणी ठेवलं ते मला माहीत होतं. त्या फळ्यावर मी आत्याबाईंचा रकाना कधी काढला नाही.

मी उठून शेडच्या मागे गेले. दोन चुली. एकीपुढे मालकाची बायको, दुसरीपुढे त्याची विधवा भावजय. जळतण म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या, त्यामुळे धूर डोळ्यांत जाणारा. किती भाकरी होतात विचारलं. "मोजत न्हाई माय. पीठ संपंस्तोवर." जेवता कधी? "गिऱ्हाईक सरल्यावर." आणि पैसे? दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. "पैशे कशाचे? घरचंच हाय की."

'घरगुती' या शब्दाचा अर्थ मला त्या धुरात नीट कळला. आपण पाटी वाचून गाडी थांबवतो ती या शब्दावर. आचारी ठेवला असता तर त्याला पगार लागला असता, सुट्टी लागली असती. घरगुती म्हणजे बिनपगारी. खानावळीत विकायला ठेवलेली खरी वस्तू तीच आहे. आणि ती विकत घेणारे आम्ही, ज्यांच्या घरात तीस वर्षांपूर्वी गॅस आला, ज्यांनी चूल मोडली म्हणून सुस्कारा सोडला. ऐंशीच्या दशकात निर्धूर चुलींसाठी सरकारनं कार्यक्रम काढला, २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून सिलिंडर वाटले गेले, आणि आता रस्तोरस्ती 'चुलीवरचं' असं लिहिलं की ताटाला जास्त पैसे मिळतात. आपल्या आईचा धूर संपला. आता दुसऱ्या बाईचा धूर आपल्याला चवीला लागतो. हुरड्याच्या दिवसांत तर विचारायलाच नको.

मी हे लिहितेय म्हणून कुणी म्हणेल, मग काय पिठलं-भाकरी खायची नाही? आपल्या मातीतलं अन्न सोडून द्यायचं? मुळीच नाही. ज्वारी ही परभणीची शान आहे. इथल्या कृषी विद्यापीठाच्या 'परभणी शक्ती' या वाणाची २०१८ साली शिफारस झाली, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे त्या लोहाची गरज कुणाला आहे ते उघड आहे. पण भाकरीत लोह वाढवलं तरी ती कुणाच्या ताटात आधी पडायची हे वाणावर ठरत नाही.

'पारंपरिक' म्हणतानाही आपण जरा जपून बोलावं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग वस्त्यांमधलं अन्न लिहून काढलं, तेव्हा कितीतरी जणांना पहिल्यांदा कळलं की मराठवाड्याची अशीही चूल आहे. ती चूल रस्त्यावरच्या कुठल्याही 'मराठवाडी थाळी'त नसते. आणि त्या वस्तीतल्या बाईनं पोखर्णी रोडला चूल मांडली तर किती गाड्या थांबतील, याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

आकडे हवे असतील तर सरकारनंच मोजले आहेत. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा रोजचा वेळ २९९ मिनिटं निघाला, आणि जे पुरुष असं काम करतात त्यांचा ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, पुन्हा मोजलं. बाईचा २८९ झाला. दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानायचा, तर पुरुषांचा ८८ वर आला होता. त्यांचीही नऊ वाचली. ती कुठे गेली ते पाहणीत नाही.

गंगाखेडला परत एकदा मनात आलं. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिच्या जोडीनं जातं ओढायला विठ्ठल बसला, अशी कथा. आपण ती भक्तीची म्हणून ऐकतो. दळणाऱ्या बायांनी ती कशी ऐकली असेल? सातशे वर्षांत दळायला बसलेला एकच पुरुष बायांना आठवतो, आणि तो देव असावा लागतो.

बाईच्या स्वयंपाकाला दाम मिळू शकतो, हे काही नवं नाही. मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना डबा घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. सावकाराचं कर्ज, किराणावाल्याची उधारी, आणि जेवणारा गडी पगाराला पैसे देईल तेव्हा खरं. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिलं. काम तेच होतं, भाकरी तीच. बाईच्या नावानं खातं उघडलं, एवढा फरक. पण त्या फरकानं घरात बोलताना तिचा आवाज बदलला. आपल्याकडे बचत गट गावोगाव झाले, पापड-लोणच्यांची प्रदर्शनं झाली. रस्त्याकडेच्या या 'घरगुती' चुलींपर्यंत मात्र आपण गेलो नाही, कारण तिथं कुणी मालक-मजूर दिसत नाही. नवरा-बायको दिसतात.

त्या रात्री मी परत आले तेव्हा आत्याबाई जागेवर नव्हत्या. मागच्या दारानं त्या चुलीपाशी आल्या होत्या. मालकाच्या बायकोला म्हणाल्या, "ऊठ माय, दोन घास खा. मी थापते." ती नको-नको म्हणत राहिली. आत्याबाई बसल्या आणि काटवट पुढे ओढली. पुतण्या धावत आला, "आजी, अगं तू कशाला?" आत्याबाईंनी त्याच्याकडे न बघता सांगितलं, "मंग तू बस." तो उभाच राहिला. जाऊबाई बसल्या शेवटी. म्हणजे पुन्हा बाईच. त्या दोघींनी मात्र पत्र्याला टेकून गरम भाकरी खाल्ली, घाईघाईनं, मालक गल्ल्यावरून हाका मारत असताना.

फेब्रुवारीत मी एस.टी.नं पुन्हा तिथं गेले. दोघींच्या नावानं अन्न नोंदणी करता येते, तिच्या आधारानं गटाकडून कर्जही मागता येतं, त्याला लागणाऱ्या कागदांची यादी घेऊन. मालकानं यादी वाचली, चहा पाजला, चांगला बोलला. "तिच्या नावानं कशाला ताई? वेगळं काय हाय आमच्यात?" मालकीण चुलीपुढून बघत होती. निघताना तिनं विचारलं, "त्या आजी बऱ्या हायेत ना?" आणि मग, आवाज उतरवून, "तेवढी यादी मला ठिवून जा."

ठेवून आले. फोन अजून आलेला नाही. जिंतूर-परभणी-गंगाखेड पट्ट्यातल्या कुणाही मैत्रिणीचं त्या बाजूला जाणं झालं तर भाकरी खा, आणि मागच्या बाजूनं एक चक्कर टाका.