दादाचा दंड

घरात सध्या एकच विषय. दादाने गोणी उचलली, कोपराशी 'फट्' झालं, एमआरआयमध्ये बायसेप्सचा टेंडन तुटलेला. लगेच दाखला नानाकाकांचा : 'त्यांचाही तुटला होता, कुठे केलं ऑपरेशन?'

अहो मंडळी, काकांचा तुटला तो खांद्याकडचा! तिथे या स्नायूला दोन टोकं असतात. एक गेलं तरी दुसरं निभावून नेतं. दंडावर पॉपायसारखा गोळा येतो, इतकंच. सत्तरीत त्यासाठी कोण कापून घेईल? कोपराकडचं टोक तुटून तसंच राहिलं, तर हात वाकतो, पण तळवा वर फिरवायची ताकद साधारण ४० टक्के घटते. दादा इलेक्ट्रिशियन. उजव्या हाताने स्क्रू आवळणं म्हणजे नेमकी हीच हालचाल.

ऑपरेशनला धोके आहेतच. हाताला बधिरपणा येऊ शकतो, काही महिने जड उचलणं बंद. खुर्चीत बसून काम करणारा साठीचा माणूस 'नको' म्हणाला, तर मी त्याच्याच बाजूने. दादाने मात्र करावं, तेही दोन-तीन आठवड्यांच्या आत. नंतर स्नायू आखडतो, जोडणं अवघड होतं.

आत्या, तू हे वाचतेसच. 'दिवाळीनंतर बघू' नको. आज नववा दिवस आहे.