पहाटेपर्यंतचे टेनिस
ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये दिवसाच्या आणि रात्रीच्या सत्रांची तिकिटे वेगळी विकली जातात. उशिराच्या सामन्यांचे मूळ बरेचसे या हिशेबात आहे. पुरुषांच्या पाच सेटच्या लढतीला वेळेची मर्यादा नसते, त्यामुळे आधीचा सामना लांबला की पुढचा मध्यरात्रीकडे सरकतो. २००८ मध्ये ह्युइट-बगदातिस सामना पहाटे ४.३४ ला संपला, तर २०२३ मध्ये ५ तास ४५ मिनिटे चाललेला मरे-कोकिनाकिस सामना ४.०५ ला. त्यानंतरही खेळाडूला मसाज, पत्रकार परिषद, कधी उत्तेजक चाचणी उरतेच, झोपायला उजाडते. २०२४ पासून स्पर्धा रविवारी सुरू करून एक दिवस वाढवला, मुख्य कोर्टांवरचे दिवसाचे सामनेही कमी केले. तरी त्याच वर्षी मेदवेदेवचा सामना ३.४० पर्यंत रंगला. विम्बल्डनमध्ये मात्र स्थानिक नगर परिषदेच्या अटीमुळे रात्री अकराला खेळ थांबतो.