सहा महिने, एकच दूध

दिवाळीला माहेरी आलेली लेक पहिलटकरीण असली, की फराळाबरोबर डिंक-अळिवाच्याही गोष्टी निघतात. यंदा मात्र मी एका अवघड प्रश्नाकडे वळते. आईला एचआयव्हीची लागण असेल, तर तिने बाळाला पाजावे की नाही?

'छे, छे! वरचे दूध द्यावे,' असे आपण चटकन म्हणतो. हा विषाणू आईच्या दुधातून बाळाकडे जाऊ शकतो, हे खरेच आहे. पण पुण्यास ससून रुग्णालयात २०००-०१ साली अशा १४८ माता व त्यांच्या बाळांवर लक्ष ठेवण्यात आले. ६२ बाळे अंगावर पीत होती, ८६ वरच्या दुधावर होती. पुढे २१ बाळांना दवाखान्यात ठेवावे लागले आणि ती सारी वरच्या दुधावरची! पहिले कारण जुलाब, त्याखालोखाल न्यूमोनिया. आईच्या दुधातून मिळणारी रोगप्रतिकारक द्रव्ये बाळाची आतडी आणि छाती दोन्ही सांभाळतात; बाटलीतून ती कोठून मिळणार?

सर्वांत वाईट ते दोन्ही मिळून देणे. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला १९९९ साली दिसून आले, की केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा अंगावरचे आणि वरचे असे दोन्ही घेणाऱ्यांना लागण अधिक होते. वरच्या अन्नपाण्याने कोवळ्या आतड्याचे अस्तर दुखावते व विषाणूला वाट मिळते, असे मानतात.

गेल्या माघात मी रेवसच्या धक्क्यावर करंजाच्या तरीची वाट पाहत होते. शेजारी एक कोळीण आजी तीन महिन्यांच्या नातवाला मध चाटवीत होत्या. सून मुकाट बसली होती. मी म्हटले, "आजी, सहा महिने आईच्या दुधावाचून काही नको बरे!" आजी हसून म्हणाल्या, "आमची सगली पोरं मध-गुटीवरच मोठी झाली, बाय!"

त्या सुनेला काही आजार होता, असे मी मुळीच सुचवीत नाही. ते मला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. मुद्दा नेमका तोच आहे. पहिले सहा महिने मध नको, गुटी नको, पाणीसुद्धा नको, हा नियम सगळ्याच बाळांसाठी आहे. घराने तो पाळला, तर आजारी आईला आपले गुपित कोणापुढे उघडे करावे लागत नाही. उलट बाटली दिसली, की शेजारीण विचारते, "पाजत का नाहीस ग?" त्या धाकाने ती बिचारी चारचौघांत अंगावर पाजते आणि घरात बाटली देते.

आता उपायही हाताशी आहेत. सरकारी केंद्रांत ही औषधे २००४ सालापासून विनामूल्य मिळतात. २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला ती जन्मभरासाठी दिली जातात. आईने गोळ्या नेमाने घेतल्या आणि बाळालाही जन्मल्यापासून औषध दिले, तर लागणीचा धोका शंभरात पाचांहून कमी होतो. सहाव्या आठवड्यात बाळाची तपासणी होते आणि न्यूमोनियापासून जपणारे कोट्रायमॉक्साझोल सुरू करतात. सहा महिन्यांनंतर पेज, मुगाची खिचडी सुरू करावी, पण पाजणे चालू ठेवावे. ज्या आईला पाजणे शक्यच नाही, तिने सहाही महिने केवळ वरचेच दूध द्यावे; उकळलेले पाणी, स्वच्छ वाटी-चमचा, बाटली नको.

आणि छातीकडे लक्ष असू द्या. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर वेखंड उगाळीत बसू नका. तडक दवाखाना गाठा. रेवसकरांना अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे.

सासूबाईंनो, यंदा बाळंतिणीची खोली सजवाल, तेव्हा गुटीची सहाण सहा महिने माळ्यावर ठेवा. सुनेच्या गोळ्या कसल्या, हे तिला विचारू नका. वेळेवर पाण्याचा पेला तेवढा पुढे करा.