खाला खाली उतरत नाही

माझी खाला पुण्यात कोंढव्याला राहते. तिसरा मजला, वय अठ्ठ्याहत्तर. इमारतीत लिफ्टसाठी जागा सोडलेली आहे, पण लिफ्ट कधी आलीच नाही. त्या जागेत आता मुलांच्या सायकली असतात. गेल्या रमजान ईदपासून खाला तीन वेळा खाली उतरली, तिन्ही वेळा दवाखान्यासाठी.

तिची मुले तिच्याकडे बघत नाहीत, असे कुणी समजू नये. गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे भरलेला असतो. सुना विचारपूस करतात, नातवंडे तिच्याच खोलीत अभ्यासाला बसतात. आम्ही आई-बापांना वृद्धाश्रमात पाठवत नाही, असे आपल्या समाजात अभिमानाने सांगितले जाते. मीही सांगत आलो आहे. पण हल्ली खालाला भेटून जिना उतरताना वाटते, की घरात ठेवणे म्हणजेच सांभाळणे असे आपण धरून चाललो आहोत का?

पूर्वी ती भवानी पेठेत वाड्यात राहायची. जोहरची नमाज झाली, की ओट्यावर तांदूळ निवडत बसायची. जाणाऱ्या-येणाऱ्या बाया थांबायच्या. कोण आजारी आहे, कुणाच्या मुलीचे ठरले, हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचे. जागा अपुरी, संडास सामाईक, म्हणून मुलांनी कर्ज काढून फ्लॅट घेतला. त्यात चुकीचे काही नव्हते. पण नव्या घराचा हिशेब मांडताना ओटा कुणी मोजला नाही.

खालूंचे तसे झाले नाही. तीन वर्षांपूर्वी वारले, पण अखेरच्या आजारापर्यंत कठडा धरून जिना उतरायचे आणि मशिदीत जायचे. तिथे सफीच्या कडेला खुर्च्या ठेवलेल्या होत्या. वजूखान्यात उंच स्टुले आणि धरायला लोखंडी नळी होती. त्यासाठी कुणी जीआर काढला नव्हता. म्हाताऱ्या नमाजींचे गुडघे वाकत नाहीत, हे रोज दिसत होते, म्हणून जमातीने ते केले. नमाजनंतर कोपऱ्यावर चहा व्हायचा. एक दिवस दिसले नाहीत तर संध्याकाळपर्यंत कुणाचा तरी फोन यायचा. खालाला असा फोन कोण करणार? आपल्याकडच्या बहुतेक मशिदींत बायकांना जागाच नाही, आणि मशिदीबाहेर तिच्या वयाच्या बाईने बसावे अशी दुसरी जागा मोहल्ल्यात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ज्येष्ठस्नेही शहरांविषयी एक मार्गदर्शिका काढली. त्यासाठी जगातल्या ३३ शहरांमध्ये म्हाताऱ्या माणसांनाच विचारले गेले, की शहरात तुम्हाला काय अडते. आपल्या देशातली दिल्ली आणि उदयपूर ही दोन शहरे त्यात होती. मार्गदर्शिकेत आठ विषय आहेत. आरोग्यसेवा त्यांतला एक. बाकीचे म्हणजे मोकळ्या जागा आणि इमारती, वाहतूक, घर, लोकांत मिसळणे, मान, कामात आणि गावकीत वाटा, माहिती. आपण मात्र म्हातारपण म्हटले की औषधगोळ्यांवर येऊन थांबतो.

आपल्याकडे नियम नाहीत असेही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. कोंढव्याच्या कुठल्याही गल्लीत टेप घेऊन जा आणि पाहा. जिथे पदपथ आहे तिथे दुचाकी उभी आहे, जिथे मोकळा आहे तिथे गुडघाभर उंच आहे. सिंगापूरमध्ये २००९ पासून काही सिग्नलवर म्हातारी माणसे आपले कार्ड लावतात आणि त्यांना रस्ता ओलांडायला काही सेकंद जास्त मिळतात. आपल्याकडे म्हातारा माणूस हात वर करून गाड्यांच्या मध्ये शिरतो आणि अल्लाचे नाव घेतो.

सरकार सवलती देते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील माणसांना एसटीचा प्रवास मोफत आहे. खालाची बहीण साताऱ्याला असते, तिकीट लागणार नाही. पण तीन मजले उतरून, रस्ता ओलांडून स्वारगेटपर्यंत पोचायचे कसे? सवलत स्थानकावर सुरू होते. खालाची अडचण त्याच्या कितीतरी आधी, जिन्याच्या पहिल्या पायरीवर सुरू होते.

यावर आपल्यातले लोक म्हणतील, आमच्या वस्त्यांकडे महापालिका बघते कुठे? तक्रार खरी आहे आणि ती केलीच पाहिजे. पण नगरसेवकाकडे जाताना आपण गटार आणि पाण्याची लाइन मागतो. बाक, सावली, बायकांचे स्वच्छतागृह, चालण्याजोगा पदपथ या मागण्या यादीत कधी आल्या? आणि काही गोष्टींना महापालिका लागतही नाही. आपले जमातखाने लग्नाचा दिवस सोडला तर दुपारभर कुलपात असतात. आठवड्यातून दोन दुपारी ते म्हाताऱ्या बायकांसाठी उघडले, चहा ठेवला, न्यायला-आणायला एक रिक्षा लावली, तर किती खर्च येईल? ज्या जमातीला सफीत खुर्ची ठेवायचे सुचले, तिला हेही सुचायला हवे.

मागच्या महिन्यात मी खालाला म्हटले, चल, खाली जाऊन येऊ. ती म्हणाली, "मेरेकू कां जाने का है अब?" आधी मला वाटले, तिला इच्छाच नाही. मग लक्षात आले, की जायला जागा नसली की हळूहळू इच्छाही राहत नाही.

आम्ही एवढेच केले, की शेजाऱ्यांना विचारून प्रत्येक मजल्याच्या वळणावर, येण्याजाण्याची वाट सोडून, एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. गेल्या रविवारी खाला प्रत्येक खुर्चीवर दम खात खाली आली. गेटपाशी तासभर बसली. भाजीवाल्याशी मेथीच्या भावावरून वाद घातला आणि दोन जुड्या घेऊन वर गेली. चढायला अर्धा तास लागला.

तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस असेल, तर आज एक मोजणी करा. दवाखाना आणि मय्यत सोडून, गेल्या महिन्यात ते किती वेळा उंबरठ्याबाहेर गेले?