ओट्याखालची बादली

ओट्याखाली, सिंकच्या पाइपला बादली लावलेली नाही असं घर यवतमाळ, पुसद, दिग्रसला शोधावंच लागेल. पाइप गळतो, बादली भरते आणि घरची बाई ती रोज उपसते. ‘प्लंबरला सांगितलंय’ हे उत्तर महिना महिना पुरतं. कारण गळतं ते तिच्या पायाशी, इतरांना ते दिसतच नाही.

पण मैत्रिणींनो, हे काम आपल्याला खरंच न जमणारं आहे का? कुकरची रिंग कडक झाली की वाफ जाते, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. पाइपच्या जोडातलं रबरी वॉशर कडक झालं की पाणी जातं. शास्त्र तेच.

आधी गळती नेमकी कुठे आहे ते पाहा. पाइप कोरड्या फडक्याने पुसा, खाली वर्तमानपत्र अंथरा. सिंकला बूच लावून पाणी भरा. तेव्हाच ओल आली तर गळती वर, जाळीच्या जोडात. पाणी सोडल्यावर आली तर खालच्या नटाशी. प्लास्टिकचा नट हातानेच आवळा, पान्याने जोर केला तर तो तडकतो. तरी थेंब येतोच? मग जुनं वॉशर दुकानात नेऊन त्याच मापाचं आणा. पाइपच चिरला असेल तर बदलायलाच हवा. आणि भाताचं उकळतं पाणी सिंकमध्ये ओतू नका, त्याने प्लास्टिक मऊ पडतं.

अमेरिकेत सिंकखाली खरकटं बारीक करणारं यंत्र बसवतात. जॉन हॅम्स यांनी ते १९२७ मध्ये तयार केलं. ते यंत्रही बहुतेकदा अशाच जोडांतून गळतं. आपल्याला साधी जाळी पुरते. खरकटं गाळून खताच्या खड्ड्यात टाकलं की झालं.

नळाच्या गळतीकडे तर मुळीच काणाडोळा नको. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला वीसेक लिटर पाणी. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला, तेव्हा टँकरच्या रांगेत कोण उभं होतं, हे यवतमाळच्या बायकांना सांगायला नको.

मोठं काम निघालं तर प्लंबरला जरूर बोलवा. पण पाना घरात असू द्या आणि तो मुलालाच नव्हे, मुलीलाही हाताळू द्या. तिच्या वाट्याला बादली उपसणं तरी येऊ नये!